शब्दाखालचे नाव : वऱ्हाडातील सव्वाशे वर्षे

अमरावती शहराच्या इतिहासात दोन प्रसंग असे आहेत, की ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता आपल्या सार्वजनिक जीवनाविषयी पुष्कळ काही कळून येते. पहिला डिसेंबर १८९७ चा. त्या वर्षी राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. एका वृत्तपत्राचा संपादक तुरुंगात होता आणि छापील शब्दाला शिक्षा करणारा नवा कायदा येऊ घातला होता. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२१ चा. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला घडलेल्या, आणि काही अंशी न घडलेल्याही, घटनांच्या वार्ता हातातल्या यंत्रावर वाचून याच शहरात लागोपाठ दोन दिवस दगड उडाले, दुकाने फुटली आणि संचारबंदी पुकारावी लागली. या दोन प्रसंगांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र दोन्ही वेळी एकच होता : सार्वजनिक ठिकाणी उच्चारलेल्या शब्दाची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला प्लेगाच्या वर्षापासून आरंभ केला पाहिजे.

प्लेगाचे वर्ष

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. रोग भयंकर होता, परंतु त्यापेक्षाही त्याच्याविषयीच्या वार्ता अधिक वेगाने पसरल्या. इस्पितळात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, त्याला मुद्दाम मारले जाते, असा समज गिरणी कामगारांत बळावला. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला. लोक मूर्ख होते म्हणून असे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरात घुसून तपासणी करणारे, माणसे उचलून नेणारे आणि कशाचेही कारण न सांगणारे सरकार त्यांच्यासमोर होते. ज्या सत्तेवर लोकांचा विश्वास नसतो, त्या सत्तेविषयीची कोणतीही वाईट वार्ता लोकांना खरी वाटते. अफवेचे बी अविश्वासाच्या जमिनीतच रुजते, हा इतिहासाचा पहिला धडा होय.

पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग प्रतिबंधाचे काम रँडसाहेबाकडे आले आणि घराघरांच्या झडतीसाठी गोरे सोल्जर नेमले गेले. लोकांच्या तक्रारी अनेक होत्या व त्यांतील बऱ्याचशा खऱ्या होत्या. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रे आली. त्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी तो आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रातून जाहीर केला. विलायतेत खळबळ उडाली, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि मुंबई सरकारने आरोपाचा साफ इन्कार केला. गोखले मायदेशी परतले, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांना पुढे आणून आरोप सिद्ध करणे त्यांना शक्य झाले नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीरपणे बिनशर्त माफी मागितली.

त्या माफीबद्दल गोखल्यांना स्वकीयांकडून फार बोल ऐकून घ्यावे लागले. त्यांनी कच खाल्ली, असे म्हणणारे त्या काळी थोडे नव्हते. आज मागे वळून पाहताना त्या घटनेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या वाटतात. एक अशी, की आरोप करताना त्यांनी त्याखाली स्वतःचे नाव घातले होते, म्हणूनच तो मागे घेण्याची वेळ आली तेव्हा माफी मागणारा माणूसही जागेवर हजर होता. दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. एका न सिद्ध होणाऱ्या आरोपामुळे पुणेकरांच्या ज्या अनेक तक्रारी खऱ्या होत्या, त्यांचेही वजन कमी झाले. सरकारला सगळ्याच तक्रारींना कानगोष्टी ठरविण्याची सोय झाली. असत्याने सर्वांत मोठे नुकसान शत्रूचे होत नाही; ज्या सत्यासाठी आपण भांडत असतो, त्याचेच होते. ही गोष्ट पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

संपादक, छापणारा आणि शासन

२२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांनी लगोलग या खुनाचे खापर मराठी वृत्तपत्रांवर, विशेषतः ‘केसरी’वर फोडले. १५ जूनच्या ‘केसरी’तील मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. त्या मजकुरातील कविता टोपणनावाने छापलेली होती. टिळकांनी तिची जबाबदारी झटकली नाही. त्यांच्याबरोबर ‘केसरी’च्या मुद्रकालाही आरोपी करण्यात आले होते, तो सुटला. टिळकांना मात्र नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी दोषी व तीन हिंदी पंचांनी निर्दोष ठरविले, आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली.

येथे कायद्याची एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर व पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छापल्याचे ठिकाण देणे बंधनकारक केले होते. परकीय सरकारने हा नियम केला तो अर्थातच स्वतःच्या सोयीसाठी. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की छापील शब्द कधी निनावी राहिला नाही. लेखक टोपणनावाआड गेला तरी शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात एक नाव असेच. त्या बारीक टाइपाने कित्येकांना तुरुंगात पाठविले. त्याच बारीक टाइपामुळे मराठी वाचकांचा छापील शब्दावर विश्वासही बसला. जो माणूस आपल्या शब्दासाठी तुरुंगात जायला तयार आहे, त्याचे म्हणणे निदान ऐकून तरी घ्यावे, असे लोकांना वाटले.

अशा वातावरणात अमरावतीचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष होते टिळकांचे स्नेही व अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे, आणि अध्यक्षस्थानी मद्रासचे सी. शंकरन नायर. वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या कारभाराखाली होते, मात्र नावाची सत्ता निजामाची होती. अशा दुहेरी अमलाखालच्या प्रांतात देशभरातून प्रतिनिधी जमले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी टिळकांच्या कारावासाविषयी भरसभेत सहानुभूती व्यक्त केली. राजद्रोहाचा कायदा आणि पुण्याच्या नातू बंधूंना विनाचौकशी डांबून ठेवणे, हे विषय त्या दिवसांत सर्वांच्या मनात होते.

पुढल्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने दंडसंहितेत दुरुस्ती केली. कलम १२४ अ अधिक व्यापक झाले. समाजासमाजांत वैर वाढविणाऱ्या शब्दांसाठी १५३ अ हे नवे कलम घातले गेले. खोट्या वार्ता व अफवा यांच्यासाठीचे कलम ५०५ नव्याने लिहिले गेले. वाचकहो, आज अमरावतीत किंवा अकोल्यात दंगलीनंतर जे गुन्हे नोंदविले जातात, त्यांचे मूळ त्या वर्षात आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. १५३ अ चे १९६ झाले आणि ५०५ चे ३५३ झाले. आकडे बदलले तरी आशय बराचसा तोच राहिला.

म्हणून १८९७ चा वारसा दुहेरी आहे, हे विसरता कामा नये. खोटी व द्वेष पसरविणारी वार्ता समाजाला जाळते, हे आर्थर रोडच्या इस्पितळाने दाखविले. पण ‘तुम्ही खोटे बोलता, तुम्ही लोकांना भडकवता’ हा आरोप सत्ताधाऱ्याच्या हातात आला म्हणजे त्याचे शस्त्र होते, हे टिळकांच्या खटल्याने दाखविले. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवणे अवघड आहे. तरीही त्या एकदमच ध्यानात ठेवाव्या लागतात.

निवडणुकीचा मजकूर

स्वातंत्र्यानंतर निवडणुका आल्या आणि शब्दाला नवे काम मिळाले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने या शब्दाला काही मर्यादा घातल्या. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी, खोटे आहे हे ठाऊक असूनही, निवडणुकीवर परिणाम करण्यासाठी काही प्रसिद्ध करणे हे कलम १२३ च्या चौथ्या पोटकलमान्वये भ्रष्ट आचरण ठरते. कलम १२७ अ नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता हवा. जुना बारीक टाइप इथेही टिकून राहिला.

मात्र या कायद्याची कुंपणे नीट पाहिली तर त्यांत एक मोठी फट दिसते. उमेदवाराच्या चारित्र्याविषयीचे खोटे कायद्याच्या कक्षेत येते. पण प्रतिपक्षाच्या धोरणाविषयी विपर्यास करणे, त्याच्या जाहीरनाम्यात नसलेले त्याच्या तोंडी घालणे, पाळता न येणारी वचने देणे, हे बहुतांशी कायद्याबाहेर राहते. त्याचा निवाडा मतदारानेच करावा, अशी लोकशाहीची अपेक्षा आहे. ही अपेक्षा योग्यच आहे. पण निवाडा करायचा तर मतदाराच्या हाती खरी माहिती देणारा कोणीतरी विश्वासू हवा. तो विश्वासू म्हणजे वृत्तपत्र, असे आपण दीर्घकाळ मानत आलो. वऱ्हाडाने तर वृत्तपत्रांवर जीव लावला. अकोल्यात ‘वऱ्हाड समाचार’पासून ब्रिजलाल बियाणींच्या ‘मातृभूमी’पर्यंत आणि पुढे ‘देशोन्नती’पर्यंत एक परंपरा उभी राहिली. गावच्या पारावर एक अंक दहा जण वाचत आणि न वाचणाऱ्या वीस जणांना त्यातले ऐकवत.

या विश्वासाला मोठा तडा गेला तो २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत. प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांत एकाच उमेदवाराची स्तुती करणारे, शब्दशः सारखे मजकूर, वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावाने छापून आले. ते बातमी म्हणून आले, जाहिरात म्हणून नव्हे. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उघडकीस आणले. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या नांदेड जिल्ह्यातील निवडणूक खर्चाचा वाद निवडणूक आयोगापुढे, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ च्या मे महिन्यात, अशा खर्चाच्या हिशेबाची चौकशी करण्याचा आयोगाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आयोगाने जुलैत चव्हाणांना नोटीस दिली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनेही २०१० मध्ये या ‘पेड न्यूज’चा विस्तृत अहवाल तयार केला होता.

न्यायालयात कोण जिंकले, यापेक्षा वाचकांच्या मनात काय हरले, हे महत्त्वाचे. बातमीखाली नाव तर होते. पण तो शब्द त्या नावाच्या माणसाचा नव्हता. बारीक टाइपाने दिलेली हमी पोकळ निघाली. ज्याला आपण साक्षीदार समजत होतो तोच पैसे घेऊन साक्ष देतो, असा संशय एकदा शिरला म्हणजे माणूस सगळ्याच साक्षीदारांकडे पाठ फिरवतो आणि शेजाऱ्याने, भावाने, मित्राने पाठविलेला मजकूर खरा मानू लागतो. योगायोग असा, की पुढल्या काही वर्षांतच असा मजकूर पाठविण्याचे साधन घराघरांत आले.

अमरावती, नोव्हेंबर २०२१

आता त्या दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. त्याची साखळी लांबची आहे. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी बांगलादेशातील कुमिल्ला येथे दुर्गापूजेच्या मंडपात कुराणाची प्रत ठेवलेली आढळली. त्याचे चित्रण फेसबुकवरून पसरले आणि अनेक जिल्ह्यांत हिंदूंच्या मंदिरांवर, घरांवर हल्ले झाले, माणसे मेली. त्याचा निषेध शेजारच्या त्रिपुरात सुरू झाला. २६ ऑक्टोबरला पाणिसागर येथे विश्व हिंदू परिषदेच्या मिरवणुकीनंतर काही घरांची व दुकानांची मोडतोड झाली, दोन दुकाने जाळली गेली. मशिदीचीही मोडतोड झाल्याचे स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने प्रारंभी सांगितले होते. नंतर मात्र पाणिसागरची मशीद सुरक्षित आहे, असे त्रिपुरा पोलिसांनी जाहीर केले. या दोन निवेदनांच्या मधल्या पोकळीत जुनी, दुसरीकडची छायाचित्रे त्रिपुराची म्हणून देशभर फिरू लागली.

१२ नोव्हेंबरला, शुक्रवारी, काही मुस्लिम संघटनांनी महाराष्ट्रात निषेध पुकारला. अमरावतीत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर निवेदन देण्यासाठी आठ हजारांहून अधिक लोक जमले, असे पोलिसांचे म्हणणे होते. निवेदन देऊन परतताना चित्रा चौक ते कॉटन मार्केट या भागात तीन ठिकाणी दगडफेक झाली. मालेगाव व नांदेडलाही त्याच दिवशी हिंसा झाली. दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, भारतीय जनता पक्षाने अमरावती बंदची हाक दिली. राजकमल चौकात शेकडो लोक जमले, जमावाने दुकानांवर दगड फेकले, पोलिसांनी लाठीमार केला व अश्रुधूर सोडला. शहरात संचारबंदी लागली, इंटरनेट सेवा बंद झाली. दोन्ही दिवसांच्या हिंसेबद्दल गुन्हे नोंदविले गेले. माजी मंत्री अनिल बोंडे यांच्यासह भाजपच्या काही नेत्यांना अटक होऊन जामीन मिळाला. आदल्या दिवशीच्या दगडफेकीबद्दलही अटका झाल्या. पहिला दिवस पूर्वनियोजित होता असे एक बाजू म्हणाली, दुसरा दिवस पूर्वनियोजित होता असे दुसरी म्हणाली.

त्याच १३ नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्रालयाने निवेदन काढले, की त्रिपुराच्या गोमती जिल्ह्यातील काक्राबन भागात मशिदीची नासधूस झाल्याच्या वार्ता खोट्या आहेत. खुलासा आला, परंतु तोपर्यंत कॉटन मार्केटच्या रस्त्यावर काचांचा खच पडून एक दिवस उलटला होता.

इथे गोखल्यांची आठवण होते. पाणिसागरला काहीच घडले नाही, असे म्हणणे खरे नव्हते. तेथे दुकाने जळाली होती आणि ज्यांची जळाली ते गरीब लोक होते. पण खोट्या छायाचित्रांचा एवढा ढीग झाला की त्याखाली त्यांची खरी तक्रार गाडली गेली. शासनाला सगळेच खोटे म्हणता आले. तेथे जाऊन वार्तांकन करणाऱ्या दोन तरुण महिला पत्रकारांना अटक झाली व त्या जामिनावर सुटल्या. सत्यशोधनासाठी गेलेल्या वकिलांवर व एका पत्रकारावर कठोर कायद्याखाली गुन्हे नोंदविण्यात आले. त्यांच्यावर सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १७ नोव्हेंबरला द्यावा लागला. म्हणजे निनावी खोटे पसरविणारे बहुतेक निनावीच राहिले. पकडले गेले ते स्वतःचे नाव घालून लिहिणारे. १८९७ चा दुसरा धडाही असा पुन्हा गिरविला गेला.

आणि अमरावतीत नुकसान कोणाचे झाले? ज्यांची दुकाने फुटली त्यांपैकी कोणीही त्रिपुरा पाहिले नव्हते. टाळेबंदीतून नुकतेच सावरणारे छोटे दुकानदार, रोजावर काम करणारे हमाल, परीक्षेचे अर्ज भरू पाहणारी मुले यांनी संचारबंदीचे दिवस मोजले. इंटरनेट बंद केल्याने अफवा थांबते, असे प्रशासन मानते आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्याबरोबर खरी बातमीही थांबते. अंधारात चोर दिसत नाही तसा राखणदारही दिसत नाही.

अकोला, मे २०२३

दीड वर्षानंतर अकोल्यात याचीच पुनरावृत्ती झाली. १३ मे २०२३ च्या सायंकाळी इन्स्टाग्रामवरील एका धार्मिक मजकुरावरून जुन्या शहरात तणाव निर्माण झाला. तक्रार घेऊन एक गट पोलीस ठाण्यावर गेला. तेथवर सारे रीतसर होते. त्यानंतर दोन गट समोरासमोर आले, दगडफेक झाली, वाहने जाळली गेली. एका माणसाचा जीव गेला आणि पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. जमावबंदी आली, इंटरनेट पुन्हा बंद झाले.

अमरावतीत निदान देशाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या घटनेचे निमित्त होते. अकोल्यात कारण हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर मावणारे होते. १८९६ साली अफवेला गिरणीतून चाळीत जायला दिवस लागत; आता क्षणही पुरतो. मात्र दोन्हीकडे मधल्या टप्प्यावर माणूसच उभा असतो. मजकूर स्वतः दगड उचलत नाही.

२०२४ ची निवडणूक

२६ एप्रिल २०२४ रोजी अमरावती आणि अकोला या दोन्ही मतदारसंघांत मतदान झाले. आदल्याच दिवशी, २५ तारखेला, पंतप्रधानांच्या बांसवाडा येथील भाषणाविषयी व राहुल गांधींच्या भाषणांविषयी आलेल्या तक्रारींवरून निवडणूक आयोगाने भाजप व काँग्रेस यांच्या अध्यक्षांना नोटिसा धाडल्या होत्या. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात नसलेली गोष्ट पंतप्रधानांनी त्यात असल्याचे सांगितले, असा काँग्रेसचा आरोप होता. दुसरीकडे गृहमंत्री अमित शहा यांच्या तेलंगणातील भाषणाची काटछाट करून, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण रद्द करू असे त्यांच्या तोंडी घालणारी चित्रफीत पसरली. त्यावरून दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला व काँग्रेसशी संबंधित काहींना अटक झाली.

विदर्भात या सर्वांहून प्रभावी ठरली ती संविधान बदलले जाणार ही चर्चा. कर्नाटकातील भाजप खासदार अनंतकुमार हेगडे यांनी मार्चमध्ये चारशे जागांचा संबंध संविधान दुरुस्तीशी जोडला होता. पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत म्हणून सोडून दिले आणि पुढे त्यांना उमेदवारीही दिली नाही. विरोधकांनी मात्र ते विधान गावोगाव पोहोचविले. ज्या भूमीत डॉ. पंजाबराव देशमुखांसारखा संविधान सभेचा सदस्य झाला आणि जिथे बाबासाहेबांचे नाव घराघरांत आहे, तिथे हा मुद्दा काळजाला भिडला. अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे यांनी भाजपच्या नवनीत राणा यांचा १९,७३१ मतांनी पराभव केला. अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी निवडून आले. राज्यात महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७. निकालानंतर महायुतीच्या नेत्यांनी हा ‘फेक नॅरेटिव्ह’चा विजय असल्याचे म्हटले. तुमच्याच माणसांनी जे म्हटले तेच आम्ही सांगितले, असे विरोधक उत्तरले.

या वादात कोणती बाजू कितपत खरी, हे ठरविण्याचे काम या लेखाचे नव्हे. परंतु एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. शेजारशेजारच्या दोन मतदारसंघांनी, त्याच दिवशी, तोच प्रचार ऐकून वेगवेगळे निकाल दिले. तेव्हा मतदार केवळ संदेशांच्या पुराने वाहून जातो, असे म्हणणे त्याचा अपमान आहे. तो ऐकतो, तोलतो, कधी चुकतो, कधी नेमके ओळखतो. ‘खोटा प्रचार’ हा शब्द मात्र पराभूताला नेहमी सोयीचा वाटतो. आणि म्हणूनच तो शब्दसुद्धा पुराव्यानिशीच वापरला पाहिजे.

निवाडा कोणी करावा?

तर मग खरे-खोटे ठरवायचे कोणी? केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून, सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरविणारा सरकारी तपास विभाग योजला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. सप्टेंबरात तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरविला आणि बहुमताने तो रद्द झाला. स्वतःविषयीच्या बातमीचा निवाडा सरकारनेच करावा, ही कल्पना न्यायालयाला मान्य झाली नाही. १८९७ मध्ये मुंबईच्याच उच्च न्यायालयात स्ट्रॅचीसाहेबांनी सरकारविषयी ‘प्रीतीचा अभाव’ म्हणजेच राजद्रोह असा अर्थ लावला होता. त्याच न्यायालयाने सव्वाशे वर्षांनी हा निर्णय द्यावा, यात इतिहासाचे एक समाधान आहे.

परंतु सरकारने निवाडा करू नये म्हणजे कोणीच करू नये असे नव्हे. तो भार मग आपल्यावर येतो. पूर्वी गावात कोतवाल दवंडी पिटत असे. दवंडीच्या आरंभी हुकूम कोणाचा हे सांगितले जाई. शब्दाआधी नाव येई. वृत्तपत्रात शब्दाखाली नाव आले. आजच्या फिरत्या मजकुरात आधीही नाव नाही, खालीही नाही. ‘फॉरवर्ड’ करणारा म्हणतो, मी फक्त पुढे पाठविले. पण ज्याच्या घरातून तो मजकूर शेजारच्या घरात गेला, त्याचे नाव शेजाऱ्याला ठाऊक असते. शेजारी त्या मजकुरावर विश्वास ठेवतो तो मजकुरामुळे नव्हे, पाठविणाऱ्या ओळखीच्या माणसामुळे. म्हणजे नाव नाहीसे झालेले नाही. ते आता मुद्रकाचे न राहता तुमचे-माझे झाले आहे. कुटुंबाच्या गटावर, मोहल्ल्याच्या गटावर, धर्मग्रामाच्या गटावर आपण जे पुढे धाडतो, त्याखालचा बारीक टाइप आपणच आहोत.

वऱ्हाडाला या बाबतीत शिकविण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांची कीर्तनाची रीत सर्वांना ठाऊक आहे. ते लोकांना सांगत कमी आणि विचारत अधिक. प्रश्न करायचा, श्रोत्यांकडून उत्तर काढायचे, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न टाकायचा. हजारोंचा समुदाय समोर असे, पण त्या समुदायाचा जमाव होत नसे. कारण प्रत्येक जण उत्तर देण्यासाठी स्वतःचे डोके चालवत असे. समुदाय आणि जमाव यांतला फरक एवढाच आहे. समुदायात माणूस विचारतो, जमावात तो विचारणे सोडून देतो.

तेव्हा पुढच्या वेळी, निवडणुकीच्या धामधुमीत वा सणावाराच्या गर्दीत, रक्त उसळविणारा मजकूर हाती आला तर त्याला बाबांच्या रीतीने चार प्रश्न विचारावेत. हे कोण म्हणतो? कुठले आहे? केव्हाचे आहे? तू स्वतः पाहिलेस काय? उत्तर मिळाले तर आपले नाव घालून ते पुढे सांगावे, आणि चुकले तर गोखल्यांसारखे चारचौघांत मागे घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर तो शब्द आपल्या उंबऱ्याच्या आतच थांबू द्यावा. कॉटन मार्केटमधल्या ज्या दुकानदाराची काच १२ तारखेला फुटली आणि राजकमल चौकाजवळच्या ज्या दुकानदाराची १३ तारखेला फुटली, त्या दोघांच्या वतीने एवढे मागणे फार नाही.